ब्रेक मारल्यावर जागा हवी: छोट्या हायब्रिड गाडीच्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर

आजपासून नीट तारखा टाकून लिहायचं ठरवलंय, कारण मागच्या वेळी आकडे कुठल्या कागदावर होते तेच सापडेना. आम्ही तिघं आहोत. मी, धाकटी बहीण (कोड आणि सेन्सर सगळं तिच्याकडे) आणि मामा, ज्यांची अर्धी हयात इंजिनं खोलण्यात गेलीये. गाडी म्हणजे चार चाकांची एक साधी कार्ट आहे, एक सिलिंडरचं ५ एचपीचं पेट्रोल इंजिन, सेंट्रिफ्युगल क्लच आणि मागच्या एक्सलला चेन. चालवणाऱ्यासकट वजन ३२० किलो भरलं.

करायचं काय, तर हीच गाडी हायब्रिड करायची (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही) आणि प्रत्येक टप्प्यावर पेट्रोल मोजायचं. नुसतं "अ‍ॅव्हरेज वाढलं" असं नकोय मला, कुठल्या बदलामुळे किती ग्रॅम वाचले ते हवंय. हायब्रिडबद्दल वाचताना सगळीकडे बॅटरी किती मोठी हेच येतं, आणि मला वर्षभरापासून वाटतंय की खरा प्रश्न वेगळा आहे, पण तो नेमका काय ते अजून शब्दात सांगता येत नाही.

१५ नोव्हेंबर

मूळ गाडीचं मोजमाप झालं. ट्रॅक ६०० मीटरचा गोल, एका बाजूला थोडा उतार. दोन प्रकारच्या फेऱ्या ठरवल्या. पहिली "थांबत थांबत": एका फेरीत चारदा ताशी ३६ किमीला पोचायचं आणि पूर्ण थांबायचं, अशा २० फेऱ्या, म्हणजे १२ किमी आणि ८० थांबे. दुसरी "सरळ": तेवढंच अंतर, ३६ चा वेग धरून, न थांबता.

३६ च का, तर तो सेकंदाला बरोबर १० मीटर होतो आणि हिशोब तोंडी करता येतो. ३२० किलोची गाडी १० मीटर प्रति सेकंदाला असली की तिच्यात १६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. थांबलो की ही सगळी ब्रेक ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. ८० थांबे म्हणजे १२८० किलोज्यूल. सगळी फेरी संपल्यावर मागच्या ड्रमला हात लावला तर चटका बसला, तेव्हा ते १२८० किलोज्यूल म्हणजे काय ते कळलं.

पेट्रोल आम्ही मिलिलिटरमध्ये मोजत नाही, छोटी टाकी काढून वजनकाट्यावर ठेवतो, म्हणजे तापमानाने पेट्रोल फुगलं-आकसलं तरी फरक पडत नाही. तीन तीन वेळा करून सरासरी: थांबत थांबत ४२१ ग्रॅम, सरळ १६१ ग्रॅम. तीन वेळांमध्ये ५ ग्रॅमच्या आतबाहेर फरक येतोय.

एवढं अंतर तेच, गाडी तीच, चालवणारा तोच, आणि नुसतं थांबण्याने अडीचपटीपेक्षा जास्त पेट्रोल. यातलं सगळं काही ब्रेकमध्ये जात नाही. थांबलेलं असताना इंजिन आयडलिंगला पितंय, आणि निघताना क्लच घसरतो तेव्हा आणखी.

२३ नोव्हेंबर

सिरीज हायब्रिडची जोडणी पूर्ण झाली. इंजिनची चेन काढली, त्याला एक बीएलडीसी (ब्रश नसलेली) मोटर जोडली जी जनरेटर म्हणून फिरते, मग एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर, मग ५१.२ व्होल्टचा बॅटरी पॅक (एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, १६ सेल सिरीजमध्ये, ४० अँपिअर-अवर, म्हणजे २ किलोवॅट-अवरच्या आसपास), मग कंट्रोलर आणि मागच्या एक्सलवर मोटर. चाकाशी इंजिनचा आता काहीच संबंध नाही.

ही कल्पना काही नवीन नाही. फर्डिनांड पोर्शने १९०० मध्येच अशी गाडी केली होती, पेट्रोल इंजिन फक्त वीज तयार करायचं आणि चाकांच्या हबमधल्या मोटरी गाडी पळवायच्या. डिझेल-इलेक्ट्रिक रेल्वे इंजिनही त्याच घराण्यातलं, फक्त त्यात बॅटरी नसते, आणि म्हणून विजेने ब्रेक लावताना तयार होणारा करंट बिचारा छतावरच्या रेझिस्टरमध्ये जाळून टाकावा लागतो, पंखे लावून. ठेवायला जागाच नाही.

मामांचा पहिला प्रश्न अगदी बरोबर होता. ते म्हणाले, "अरे चेनमध्ये पाच टक्के पण जात नव्हते, तू मध्ये एवढी यंत्रं घातलीस, प्रत्येक जण आपला हिस्सा घेणार की." खरंय. जनरेटर ८५ टक्के, रेक्टिफायर ९५, कंट्रोलर ९६, मोटर ८५, असं धरलं आणि गुणत गेलं तर चाकापर्यंत ६६ टक्केच पोचतं. आणि करंट बॅटरीत जाऊन परत आला तर त्याहून कमी.

मग फायदा कुठून? इंजिनच्या आतून. हे छोटं इंजिन त्याच्या आवडीच्या आरपीएमला, पाऊणएक लोडवर चाललं तर पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा शाफ्टवर देतं, पण हलक्या लोडवर, अर्धा थ्रॉटल बंद असताना, तेच इंजिन जेमतेम १२ टक्क्यांवर येतं, कारण सिलिंडरला हवा ओढून घ्यायलाच त्याचा दम जातो. सिरीजमध्ये मी त्याला कायम २६०० आरपीएमला, २.२ किलोवॅटवर चालवणार किंवा बंद ठेवणार, मधलं काही नाही. २५ चे ६६ टक्के म्हणजे साडेसोळा, आणि १२ चे ९५ टक्के म्हणजे साडेअकरा. हा सगळा डाव त्या पाच टक्क्यांचा आहे.

३० नोव्हेंबर

आकडे आले. अजून रिजेन (ब्रेक मारताना मोटरनेच वीज करून बॅटरीत परत टाकणं) चालू केलेलं नाही, म्हणजे ब्रेक अजून ड्रमवरच. थांबत थांबत: ३१६ ग्रॅम (आधी ४२१). सरळ: १६३ (आधी १६१).

पहिल्या आकड्याचा आनंद झालाच पण दुसऱ्याने जास्त झाला. सरळ रस्त्यावर सिरीज हायब्रिड मार खाते असं सगळीकडे वाचलेलं, आणि इथे नुसता २ ग्रॅमचा फरक. बहिणीला लगेच फोन केला, ती म्हणाली "दादा, थांब, मला आधी लॉग बघू दे."

४ डिसेंबर

तिने बघितला आणि १६३ खोटा निघाला.

झालं असं की हायब्रिडमध्ये पेट्रोल मोजताना बॅटरी जिथे होती तिथेच परत आणून ठेवावी लागते, नाहीतर बॅटरीतली वीज वापरून पेट्रोल वाचल्याचं दिसतं आणि ती वीज कुणाच्याच खात्यात जात नाही. आम्ही फेरी संपल्यावर बॅटरीत आत-बाहेर गेलेल्या करंटचा काउंटर शून्यावर येईपर्यंत जनरेटर चालवायचो. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या भागात इतका सपाट असतो की ४० टक्के भरलीये की ६० हे व्होल्टमीटर सांगूच शकत नाही, म्हणून आत-बाहेर गेलेला करंट मोजून बेरीज-वजाबाकी करणं एवढाच मार्ग. आणि तो करंट मोजणारा हॉल सेन्सर मी बसवला होता इंजिनच्या सायलेन्सरपासून एका वितीवर.

थंड असताना शून्य करंटला शून्य दाखवतो. इंजिन वीस मिनिटं चाललं की काहीच करंट नसताना ०.८ अँपिअर चार्जिंग दाखवतो. २०० अँपिअरच्या सेन्सरला ०.८ म्हणजे काहीच नाही, पण वीस मिनिटं ते साचत गेलं तर पाव अँपिअर-अवरपेक्षा जास्त होतं, सुमारे ५० किलोज्यूल, आणि ते भरून काढायला लागणारं पेट्रोल होतं ५-६ ग्रॅम. काउंटर म्हणत होता बॅटरी पूर्ववत झाली, आणि ती तेवढी रिकामी होती.

सेन्सर पुढे सीटखाली नेला, फेरीच्या आधी आणि नंतर शून्य तपासायची सवय लावली. परत तीनदा मोजलं: सरळ १६९. म्हणजे सरळ रस्त्यावर सिरीज खरंच मार खाते. थांबत थांबतचा आकडा परत मोजला तो ३१६-३१७ च राहिला, कारण ती फेरी आम्ही संध्याकाळी गार हवेत आणि सायलेन्सरवर पत्रा लावून केली होती. १६३ खोडून वर १६९ लिहिलाय, पण खोडलेला दिसू दिलाय.

१३ डिसेंबर

रिजेन चालू केलं. कंट्रोलरमध्ये ब्रेकचा स्विच जोडला, पेडल थोडं दाबलं की मोटर जनरेटर होते, जास्त दाबलं की ड्रम लागतो. पहिल्या दोन फेऱ्या झकास. गाडी आवाज न करता कमी होते आणि डिस्प्लेवर करंट उलटा दिसतो, ते बघताना फार बरं वाटलं.

तिसऱ्या फेरीला उतारावर पेडल धरलं, गाडी कमी होत होती आणि एकदम ब्रेक गेला. गेला म्हणजे नाहीसाच झाला, गाडी पुढे सुटल्यासारखी झाली, डिस्प्ले बंद. पाय आपोआप पूर्ण दाबला गेला आणि ड्रमने थांबवलं. हात थरथरत होते खाली उतरलो तेव्हा.

कारण साधं. सकाळी मी चार्जर लावून पॅक पूर्ण भरून आणला होता, चांगल्या हेतूने. भरलेल्या एलएफपीचा व्होल्टेज शेवटी एकदम वर चढतो, एक सेल ३.६५ ला पोचला, बीएमएसने (बॅटरीची राखण करणाऱ्या सर्किटने) पॅकचं कनेक्शन तोडलं, आणि मोटरकडून येणाऱ्या करंटला जायला जागा उरली नाही. बीएमएसने त्याचं काम बरोबरच केलं. जागा मी ठेवली नव्हती.

आजपासून नियम: रिजेन असो नसो, ड्रम ब्रेक एकट्याने गाडी थांबवू शकला पाहिजे. मामांनी चारही ड्रम खोलून, शूज घासून, नवीन केबल टाकल्याशिवाय गाडीला हात लावू दिला नाही, आणि बरं केलं.

१६ डिसेंबर

त्या दिवसापासून "जागा" हाच शब्द डोक्यात आहे. पेट्रोलची टाकी भरलेली असणं चांगलं, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी सकाळी भरलेली असणं चांगलं, पण हायब्रिडचा साठा पूर्ण भरला की निम्मा निरुपयोगी, कारण तो घेऊ शकत नाही. रिकामा झाला तरी निरुपयोगी, कारण देऊ शकत नाही. तो मध्ये असायला हवा.

टोयोटाची हायब्रिड गाडी प्रियस १९९७ मध्ये जपानमध्ये आली, तिची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवली जायची, त्याने बॅटरीचं आयुष्य वाढतं हे तर आहेच. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा पॅक २०१.६ व्होल्ट, ६.५ अँपिअर-अवर, म्हणजे फक्त १.३ किलोवॅट-अवर. आधी मला हे हास्यास्पद छोटं वाटायचं. आता हिशोब करून बघितला: १३०० किलोची गाडी ताशी ५० ला असेल तर तिच्यात सुमारे १२५ किलोज्यूल, म्हणजे ३५ वॅट-अवर. एका थांब्याला ३५ लागतात आणि पॅक १३०० चा आहे. थांब्यांसाठी तो छोटा नाहीच, भरपूर आहे. आपल्या पॅकला तर २००० वॅट-अवर आहेत आणि आपल्या एका थांब्यात साडेचार.

कोडमध्ये खिडकी ४५ ते ७० टक्के ठेवली. ७० ला इंजिन बंद, ४५ ला चालू.

२७ डिसेंबर

रिजेनसह थांबत थांबत: २८३ ग्रॅम. ३१६ वरून २८३. बरं आहे पण माझा अंदाज २३० च्या आसपासचा होता, म्हणून बहिणीने एकेक ब्रेक उलगडून बघितला. इथे जरा सविस्तर लिहितो कारण या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच आहे.

१६ किलोज्यूलमधले दोनेक रोलिंग आणि हवा खातात, उरलेले मोटरमधून वीज होऊन ११ च्या आसपास बाहेर यायला हवेत. ब्रेक पाच सेकंदांचा. पण ही वीज पाच सेकंद सारखी येत नाही. सुरुवातीला वेग जास्त म्हणून पॉवर जास्त, ४.४ किलोवॅट, म्हणजे ८३ अँपिअर, आणि मग उतरत शून्यावर. आमचे सेल जास्तीत जास्त १सी ने (एका तासात पूर्ण भरतील अशा करंटने) चार्ज करायचे, म्हणजे ४० अँपिअर. ८३ येतात, ४० घेतो, बाकी कंट्रोलर मोटरला घेऊ देत नाही आणि ड्रममध्ये जातात. त्यामुळे इंजिन बंद असताना एका ब्रेकमधून ११ पैकी ८ किलोज्यूल मिळतात. ठीक.

पण इंजिन चालू असेल तर? जनरेटर ३३ अँपिअर देतोय. गाडी ब्रेकमध्ये आहे म्हणजे मोटर काही घेत नाही, ते ३३ सरळ बॅटरीत. ४० मधून ३३ गेले, ब्रेकसाठी उरले ७. सात! लॉगमध्ये स्पष्ट दिसतं, अशा ब्रेकमधून पावणेदोन किलोज्यूल सुद्धा धड मिळत नाहीत. आणि इंजिन या फेरीत जवळजवळ दोन तृतीयांश वेळ चालू असतं. म्हणजे पेट्रोल जाळून केलेली वीज दारात उभी राहून फुकटच्या विजेला आत येऊ देत नव्हती.

बॅटरी ५५ टक्के होती, निम्मी रिकामी, तरी जागा नव्हती. जागा नुसती किलोवॅट-अवरमध्ये मोजून चालत नाही, अँपिअरमध्येही मोजावी लागते. हे मला सहा महिने आधी कळायला हवं होतं.

२९ डिसेंबर

उपाय फक्त कोडचा. ब्रेक पेडलला पाय लागला की इंजिनचा थ्रॉटल आयडलला आणि जनरेटरचा लोड काढून घ्यायचा, थांबल्यावर एका सेकंदाने परत. बहिणीने अर्ध्या तासात लिहिलं, पहिल्यांदा इंजिन गटांगळ्या खाऊन बंद पडलं कारण लोड आधी काढला आणि थ्रॉटल नंतर, आरपीएम उसळून मग कोसळला. क्रम बदलला, चाललं.

२८३ वरून २५४. एक रुपयाचं सामान न लावता २९ ग्रॅम.

५ जानेवारी

प्रत्येक ब्रेकमधले उरलेले तीन किलोज्यूल (११ पैकी ८ मिळाले, त्यानंतरचे). आता ते पण हवेत.

मार्ग एक, हळू ब्रेक मारायचा. पाचऐवजी दहा सेकंद घेतले तर पॉवर निम्मी होते आणि ४० अँपिअरच्या आत जवळजवळ सगळं बसतं, थांबायला २५ ऐवजी ५० मीटर लागतात. करून बघितलं, चालतं, आणि रस्त्यावर जिथे समोरचं दिसतंय तिथे प्रत्येक हायब्रिड चालवणाऱ्याने हेच करावं असं माझं ठाम मत झालंय. पण प्रत्येक वेळी ५० मीटर मिळत नाहीत.

मार्ग दोन, मोठी बॅटरी. दुप्पट पॅक म्हणजे ८० अँपिअर घेईल. आणि १६-१७ किलो वजन वाढेल, जे प्रत्येक वेळी पळवायचं आणि थांबवायचं. साडेचार वॅट-अवरसाठी ४००० वॅट-अवर वाहून न्यायचे हे मनाला पटेना.

मार्ग तीन, सुपरकपॅसिटर. किलोमागे ऊर्जा अगदी कमी, लिथियमच्या दशांश पण नाही, पण घेतो-देतो सेकंदात आणि लाखो वेळा. यात रासायनिक क्रियाच नाही, आयन कार्बनच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि उठतात. शांघायमध्ये २००६ पासून सुपरकपॅसिटरवरच्या बस धावल्या, थांब्यावर प्रवासी चढेपर्यंत चार्ज व्हायच्या. त्याच्याही आधी स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्डोंला १९५३ पासून जायरोबस होती, तिच्यात दीड टनाचं फिरतं चाक, ३००० आरपीएम, एका चार्जमध्ये ६ किमीच्या आसपास. साठवण म्हणजे बॅटरीच असं काही नाही, ही उदाहरणं वाचून फार हुरूप आला.

२.७ व्होल्टचे, ३५० फॅरडचे सेल, २२ सिरीजमध्ये. ५९.४ व्होल्ट, १५.९ फॅरड, एकूण २८ किलोज्यूल. प्रत्येक सेलवर बॅलन्सिंग बोर्ड, कारण सिरीजमध्ये एखादा जरी २.७ च्या वर गेला की त्याचं आयुष्य संपलं. सगळं मिळून दीड किलोच्या आत.

११ जानेवारी

आज कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा मोठा, विजेने चालणारा स्विच) जळला. नीट लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचा वाचेल.

कंट्रोलरला बॅटरी जोडताना आधी १० ओहमच्या रेझिस्टरमधून दोन सेकंद प्रीचार्ज होतं, म्हणजे कंट्रोलरचे कपॅसिटर हळू भरले जातात, आणि मग मुख्य कॉन्टॅक्टर लागतो. कंट्रोलरच्या आतले कपॅसिटर काही मिलिफॅरडचे, ते क्षणात भरतात. मी सुपरकपॅसिटरची बँक त्याच बसवर (सामाईक तारांवर) जोडली आणि प्रीचार्ज तसाच ठेवला. १० ओहम गुणिले १५.९ फॅरड म्हणजे १५९ सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, भरायला मिनिटं लागणार. दोन सेकंदात बँक अर्ध्या-पाऊण व्होल्टपर्यंत चढली असेल, म्हणजे रिकामीच. आणि कॉन्टॅक्टर लागला.

"टप्प" असा जाड आवाज, कॉन्टॅक्टरच्या फटीतून निळा उजेड, जळका वास. फ्यूज उडाला पण त्याआधीच कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले होते. बँकेचा आणि बॅटरीचा रेझिस्टन्स मिळून मिलिओहममध्ये, ५०० अँपिअरच्या आसपास गेले असणार. मामांनी कॉन्टॅक्टर खोलला, तांब्याच्या दोन टिकल्या एकमेकांत विरघळल्यासारख्या झाल्या होत्या, स्क्रूड्रायव्हरने पण निघेनात.

आणि रेझिस्टर मोठा वेळ ठेवणं हा पण उपाय नाही, कारण कपॅसिटर रेझिस्टरमधून भरला की जेवढी ऊर्जा त्यात जाते तेवढीच रेझिस्टरमध्ये जळते, रेझिस्टर कितीही ओहमचा घ्या. वीसेक किलोज्यूल त्या ५० वॅटच्या तुकड्यात घालायचे म्हणजे तो लाल होणार. तूर्त बेंच सप्लायने करंट बांधून बँक आधी बॅटरीच्या व्होल्टेजला आणायची, मग जोडायची.

१८ जानेवारी

सरळ समांतर जोडून मोजलं. फरक नगण्य, २५४ चा २४८. पुन्हा तेच, जागा असून नसल्यासारखी. कपॅसिटरने ऊर्जा घ्यायची तर त्याचा व्होल्टेज वर जावा लागतो, आणि बॅटरी समांतर असेल तर ती व्होल्टेज धरून ठेवते. ५२ पासून ५५ पर्यंत गेला तर २८ किलोज्यूलच्या बँकेने घेतले जेमतेम २.६. एलएफपीचा सपाट व्होल्टेज, ज्याचं एरवी कौतुक होतं, इथे आड येतो.

२ फेब्रुवारी

आता बँक सरळ मोटर कंट्रोलरच्या बसवर, आणि बॅटरी व जनरेटर एका बाजूला, मध्ये दोन्हीकडे चालणारा डीसी-डीसी (एका व्होल्टेजची वीज दुसऱ्या व्होल्टेजला नेणारा कन्व्हर्टर), ४० अँपिअरला बांधलेला. बँकेचा व्होल्टेज मोकळा झाला. आणि छान गोष्ट अशी की सगळे झटके बँक झेलते, डीसी-डीसीला फक्त सरासरी पॉवर पेलायची, त्यामुळे तो छोटा पुरतो. बँक शून्यापासून भरायचं काम पण तोच करतो, करंट बांधून, त्यामुळे प्रीचार्जचा प्रश्न मिटला.

कागदावर मोह होता बँक ५७ पासून ३० व्होल्टपर्यंत वापरायचा, निम्म्या व्होल्टेजपर्यंत उतरलं की पाऊण ऊर्जा मिळते. पण ब्रेक सुरू होतो तेव्हा पॉवर सगळ्यात जास्त आणि बँक सगळ्यात रिकामी, म्हणजे करंट सगळ्यात मोठा. ३० व्होल्टला ४.४ किलोवॅट म्हणजे १४७ अँपिअर, बँकेचा आतला रेझिस्टन्स ७० मिलिओहम, दीड किलोवॅट आतच उष्णता. ब्रेकमधून आलेलं तिसऱ्या हिश्श्याने तिथेच गेलं. शिवाय आमचा कंट्रोलर ४० व्होल्टखाली बंदच पडतो.

म्हणून दोन लड्या समांतर, ४४ सेल, ३१.८ फॅरड, ३५ मिलिओहम, आणि ४६ च्या खाली जाऊच द्यायचं नाही. ५७ ते ४६ मध्ये १८ किलोज्यूल मिळतात, आम्हाला लागतात दहा-अकरा. तोटा सहा-सात टक्क्यांवर आला.

१४ फेब्रुवारी

बँक कधी भरलेली ठेवायची आणि कधी रिकामी, यावर तीन दिवस वाद. माझं म्हणणं कायम मध्यावर ठेवू. बहिणीने कागदावर एक ओळ लिहून दिली: गाडीतली ऊर्जा आणि बँकेतली ऊर्जा यांची बेरीज कायम सारखी ठेव. म्हणजे गाडी थांबलेली असेल तेव्हा बँक भरलेली हवी, कारण आता निघायचंय. गाडी पूर्ण वेगात असेल तेव्हा बँकेत जागा हवी, कारण आता थांबायचंय. आमच्या आकड्यांनी थांबल्यावर ५७ व्होल्ट आणि ३६ च्या वेगाला ५१. मधल्या प्रत्येक वेगाला त्यानुसार. उतार किंवा भार जास्त असेल तर खाली ४६ पर्यंत शिल्लक आहेच.

पुढे काय होणार ते ओळखायची गरजच नाही, वेग बघितला की कळतं किती जागा ठेवायची. इतकी सोपी आणि इतकी बरोबर गोष्ट मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. तिला तसं सांगितलं.

२३ फेब्रुवारी

थांबत थांबत, तीन वेळा: २३१, २२७, २२९. सरासरी २२९.

शून्य आधी-नंतर तपासलं, बॅटरी पूर्ववत, बँक पण त्याच व्होल्टेजला आणली. ४२१ वरून २२९. फेरीनंतर बॅटरी ३४ अंशांवर होती, डिसेंबरमध्ये त्याच हवेत ४१ पर्यंत जायची, कारण आता तिला झटके बसत नाहीत. मागच्या ड्रमला हात लावला, कोमट पण नव्हता. मामांनी पण लावून बघितला, मग बराच वेळ तिथेच बसून होते, म्हणाले ब्रेक मारून ड्रम गार राहिलेला मी पहिल्यांदा बघतोय.

वाटणी लिहून ठेवतो. इंजिन एकाच ठिकाणी चालवण्याने १०५ ग्रॅम. कच्च्या रिजेनने ३३. ब्रेकच्या वेळी इंजिनने जागा सोडण्याने २९. सुपरकपॅसिटर, डीसी-डीसी, दोन लड्या, जळलेला कॉन्टॅक्टर, आणि आठ आठवडे, या सगळ्याने २५. कपॅसिटर लावल्याचा मला पश्चात्ताप नाही, बॅटरीच्या आयुष्यासाठी तो लागणारच. पण कुणी नवीन सुरुवात करत असेल तर त्याने आधी कोडमधल्या त्या २९ ग्रॅमना हात घालावा.

१ मार्च

सरळ रस्त्याचे १६९ अजून टोचतात. तिथे ब्रेकच नाही, मग जागा असून उपयोग नाही, वीज करून परत फिरवण्यातला तोटा तेवढा उरतो. इंजिनची ताकद थेट चाकाला गेली पाहिजे.

प्रियसमध्ये हे प्लॅनेटरी गिअरने सोडवलंय, मधल्या सन गिअरला ३० दाते, बाहेरच्या रिंगला ७८, आणि इंजिन जोडलेलं कॅरियरला (दोघांच्या मधले छोटे गिअर धरणाऱ्या भागाला). त्यामुळे इंजिनच्या टॉर्कचे ७२ टक्के कायम रिंगमधून थेट चाकाकडे जातात आणि २८ टक्के सनवरच्या जनरेटरकडे. दात्यांच्या संख्येनेच वाटणी ठरलेली, क्लच नाही काही नाही. तो गिअर आम्हाला घरी करणं शक्य नाही. पण एक क्लच जमेल: ३० च्या वर वेग स्थिर झाला की इंजिन जुन्या चेनने एक्सलला जोडायचं, जनरेटर त्याच शाफ्टवर राहील आणि इंजिनला आवडीच्या लोडवर ठेवण्यापुरतीच वीज करेल.

मामांनी जुनी चेन नोव्हेंबरपासून तेलात बुडवून ठेवली होती, आज काढून पुसली. कडी एक पण ताणलेली नाही. स्प्रॉकेटचं माप घेतलं, क्लचची प्लेट बसवायला इंजिन ४२ मिलिमीटर डावीकडे सरकवावं लागतंय, त्यासाठी पुढचा ब्रॅकेट कापायचा. उद्या सकाळी वेल्डिंग.